नहरीचे बंबे

मलिक अंबर हे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम आठवते ती त्याची जमाबंदी, आणि मागोमाग १६२४ सालची भातवडीची लढाई, जिच्यात शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले. हबशांच्या मुलखातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि स्वकर्तृत्वाने निजामशाहीच्या पेशवेपदापर्यंत चढलेल्या या पुरुषाची, रयतेच्या दृष्टीने तितकीच थोर असलेली तिसरी कृती मात्र जमिनीखाली असल्यामुळे सहसा कोणाच्या स्मरणात राहत नाही. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. खाम नदीच्या तुटपुंज्या प्रवाहावर राजधानी जगणार नाही हे ओळखून त्याने उत्तरेकडील डोंगरउतारांत झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. हे काम पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत पुरे झाले, असे सांगतात. पुढे मोगल व आसफजाही अमलांत आणखी नहरी झाल्या, आणि पेठा, मशिदी, हवेल्या व सार्वजनिक हौद यांस त्यांचे पाणी मिळू लागले.

या नहरींच्या वाटेवर जागोजागी दगड-चुन्याचे जे चौकोनी मनोरे उभे आहेत, त्यांस येथील लोक बंबे म्हणतात. पडक्या भिंतीचा उरलेला तुकडा समजून रस्त्याने जाणारा मनुष्य त्यांकडे पाहतही नाही. परंतु त्यांची रचना समजून घेण्याजोगी आहे. उंचावरून निघालेले पाणी बंद खापरी नळांतून सखल भागाकडे येऊ लागले म्हणजे त्याचा दाब उत्तरोत्तर वाढत जातो, आणि भाजक्या मातीच्या नळास तो फार काळ सोसत नाही. म्हणून त्या कारागिरांनी नळ मधूनमधून बंब्याच्या पोटातून वर चढविला, माथ्यावरच्या उघड्या कुंडीत पाणी सोडले आणि दुसऱ्या नळाने ते पुन्हा खाली उतरविले. माथ्यावर पाणी मोकळ्या हवेस मिळाले की साठलेला दाब तेथेच संपतो, नळात कोंडलेली हवा निघून जाते, गाळ कुंडीच्या तळाशी बसून उपसता येतो, आणि तेथूनच एखाद्या पेठेकडे शाखाही काढता येते. पाणी आपली पातळी शोधते, या एका नियमावर हे सारे चालते. मात्र त्यासाठी प्रत्येक कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा किंचित सखल, अगदी बेताने सखल, ठेवावी लागते. विजापुरातही याच तत्त्वावर बांधलेले मनोरे आहेत. तेथे त्यांस गंज म्हणतात.

याच विद्येचे डोळ्यांना दिसणारे रूप म्हणजे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्की. १७४४ च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने ती उभारली असे म्हणतात. दोन-अडीच कोसांवर हर्सूलच्या बाजूस निघालेले पाणी येथे उंच भिंतीच्या माथ्यावर चढते, तेथून ते हौदात कोसळते, आणि त्याच्याच वेगाने खालचे चाक फिरून वरची दगडी जाती चालत. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांचे व वाटसरूंचे पीठ या जात्यांवर निघे. हौदाच्या खाली एक दालन आहे, ज्याचे छत म्हणजेच हौदाचा तळ. डोक्यावर एवढे पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यातही त्या दालनात गारवा असतो. पाणी वर चढविण्यास येथे ना बैल लागले, ना इंधन.

आणि येथेच आमचा मुख्य आक्षेप आहे. पाणचक्कीस संरक्षित वास्तू म्हणून मान मिळतो, तेथे तिकीट लावले जाते, परंतु तिला पाणी पोहोचविणाऱ्या नहरीवर घरांचे पाये खणले जातात, तिच्यात सांडपाणी मुरते, आणि रस्तारुंदीच्या आड येणारा बंबा ही केवळ अडगळ ठरते. एक बंबा अर्ध्यावर फोडला तर पाणी तेथूनच वाहून जाते, पुढच्या बंब्याच्या माथ्यास पोहोचण्याचे बळ त्यास उरत नाही, आणि मग पुढची सारी नहर धडधाकट असूनही निरुपयोगी होते. तेव्हा पाणचक्की राखावयाची आणि नहर मारावयाची, हे धोरण कोणत्याही अर्थाने संरक्षण म्हणता येणार नाही. ज्या शहरास जायकवाडीचे पाणी विजेच्या पंपांनी चढावर ओढून आणावे लागते, आणि तरीही जेथील घरोघरी नळ कित्येक दिवसांनी एकदा येतो, त्या शहराने गुरुत्वाकर्षणावर चालणारा स्वतःचा पाणवठा असा वाया घालवावा, याचे आम्हांस अत्यंत वैषम्य वाटते. नहरींनी आजच्या लाखोंच्या वस्तीची तहान भागेल असा आमचा दावा नाही. परंतु बागा, हौद आणि टंचाईतील वरखर्च यांपुरते पाणी त्यांतून मिळाले तरी पिण्याच्या पाण्यावरचा तेवढा ताण हलका होईल.

यासाठी स्मारकांच्या यादीत आणखी एका ओळीची भर घालून भागणार नाही. नहरींची मोजणी होऊन त्यांचा मार्ग नगरभूमापनाच्या नकाशावर हद्दीसह उतरला पाहिजे, त्या पट्ट्यात बांधकामाचा परवाना देण्यास मनाई झाली पाहिजे, आणि प्रत्येक बंब्याचा क्रमांक, उंची व गाळ काढल्याची तारीख यांची नोंदवही पुरातत्त्व खात्याच्या दप्तरात नव्हे, तर शहराच्या पाणीपुरवठा विभागात राहिली पाहिजे. गाळ उपसण्याचे आणि फुटका नळ चुन्याने सांधण्याचे काम जाणणारी माणसे आज थोडी उरली असतील. त्यांच्या हाताखाली तरुणांना पगारी नेमण्याचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे.