उसाचं बिल 'के'मध्ये दाखवू नका

कारखान्याचं गाळप, उजनी धरणाचा साठा, सोसायटीची बाकी. बारामती-इंदापूरकडे हे आकडे आता मोबाइलच्या पडद्यावर वाचले जातात. ते पडदे तयार करणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. आकडा आखूड करायचाच असेल तर आपल्या हिशेबात करा.

जावास्क्रिप्टचे इकडून-तिकडून उचललेले तुकडे हजाराला 'के' आणि दहा लाखांना 'एम' लावतात. माळेगाव किंवा भवानीनगर साखर कारखान्याच्या सभासदापुढे '१.२ एम एमटी' आलं तर त्याने काय समजावं? पहिला एम दशलक्षाचा, दुसरा मेट्रिकचा! '१२ लाख टन' लिहा, कुणी विचारायला येणार नाही. त्यासाठी फार खटपटही नाही. इंटल नंबरफॉरमॅट ही सोय जावास्क्रिप्टमध्येच आहे. तिला 'एमआर-आयएन' आणि 'कॉम्पॅक्ट' एवढं सांगितलं की लाख-कोटी देवनागरी अंकांत मिळतात. स्वतः भागाकार लिहायला बसलात तर ९९,९९,९९९ चे '१०० लाख' छापून येतील. ही सोय तिथे '१ कोटी' करते.

खरी धास्ती पैशाची. कॉम्पॅक्टला वेगळं काही बजावलं नाही, तर हजारापुढच्या आकड्यांचे ती फार तर दोनच अंक ठेवते. २०२३-२४ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, टनाला ३,१५० रुपये होती. पडद्यावर ती होते '३.२ ह', म्हणजे ३.२ हजार. टनामागे पन्नास रुपये हवेतून आले, शंभर टनांना पाच हजार. गंमत म्हणजे २०२४-२५ चे ३,४०० रुपये घालून तपासलंत तर '३.४ ह' अगदी बिनचूक दिसेल. तेव्हा तपासायला आडनिडे आकडे घ्या.

दर, बिल, कर्जाची बाकी पूर्ण लिहा. आखूड रूप आलेखापुरतं ठेवा. माहितीच्या साठवणीत तर ते नकोच, कारण 'लाख' चिकटला की तो मजकूर झाला, त्याची बेरीज होत नाही.

टीएमसीला मात्र हात लावू नका. एक टीएमसी (हजार दशलक्ष घनफूट) म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, पण उजनी ११७ टीएमसीची हे इथे सगळ्यांच्या तोंडी आहे.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, पडद्यावरचा गोल आकडा धरून कुणाला देण्याचा वायदा करू नका. कारखान्याच्या शेतकी विभागात जा आणि पैशापर्यंतचा हिशेब मागा.