डॉक्टर पायथ्याशी, रुग्ण पायऱ्यांवर

चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची पालखी निघते. मुंबई, ठाणे, रायगडकडचे कोळी व आगरी बांधव, सीकेपी मंडळी आणि आपले मावळकर मोठ्या संख्येने गड चढतात. यात्रा आली की बैठका होतात, वाहने कुठे लावायची, बंदोबस्त किती ठेवायचा हे ठरते. वैद्यकीय व्यवस्था म्हटली की मात्र, यात्रा कुठलीही असो, आपल्या डोळ्यांपुढे पायथ्याशी उभी असलेली रुग्णवाहिकाच येते. माझे म्हणणे एवढेच आहे, की रुग्णवाहिका हवीच, पण नियोजनाची सुरुवात तिच्यापासून करू नये. ती वरच्या पायरीपासून करावी.

हिशेब मिनिटांचा आहे. एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले आणि छातीवर दाब देणारे कोणी नसले, तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक त्याची जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आता गर्दीने भरलेल्या पायऱ्यांवरून माणूस उचलून खाली आणायला किती वेळ लागेल, ते गड चढलेल्या वाचकांनी स्वतःच मोजावे. पुढे कार्ला फाट्यापर्यंतच्या कोंडीचा वेळ त्यात मिळवावा. १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून आपल्या राज्यात आहे, तिचा उपयोगही मोठा आहे. पण गाडी पायऱ्या चढत नाही.

म्हणून ठरावीक अंतरावर, पायऱ्यांच्या कडेला, दोन-दोन माणसे उभी हवीत. ती डॉक्टरच असावीत असे नाही. मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने छाती कशी दाबायची, हे महाविद्यालयातील मुलाला दोन तासांत शिकवता येते. विजेचा झटका देऊन हृदय चालू करणारे लहान यंत्र आता मिळते. ते देवळाजवळ ठेवावे, कुलपात नव्हे. रुग्ण खाली नेण्यासाठी एक बाजू मोकळी राखावी. झोळीत माणूस बांधून अवघड जागेवरून उतरवायचा कसा, याचे ज्ञान बाहेरून आणायला नको. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेची मुले हेच काम डोंगरदऱ्यांत करीत आली आहेत.

उन्हाचे वेगळे सांगायला हवे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर चौदा माणसे गेली. आपली यात्राही साधारण त्याच दिवसांत येते, वर चढणीचे श्रम. अंग १०४ अंशांपलीकडे तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला की तो उष्माघात समजावा. अशा रुग्णाला आधी थंड करायचे, मग हलवायचे. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवावा. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. याला लागते काय? पाण्याची पिंपे, बर्फाची लादी, चार पंखे आणि सावली. हे सारे अर्ध्या वाटेवर हवे. शुद्ध हरपलेल्या माणसाला पायथा गाठेपर्यंत वेळ नसतो.

इथे एक नाजूक गोष्ट सांगतो, भाविकांनी राग मानू नये. देवीच्या यात्रेत अंगात येते. अंगात आलेल्याला कोणी अडवत नाही, लोक हात जोडून बाजूला होतात. पण दर्शनाआधी काही खायचे नाही म्हणून उपाशी निघालेला मधुमेही सकाळची गोळी मात्र घेतो. चढताना त्याची साखर उतरली, की तोही थरथरतो, घामाघूम होतो, भलतेच बोलतो. उष्माघाताचा रुग्णही तसाच दिसतो. श्रद्धेला धक्का न लावता एवढे करता येईल, की जवळच्या माणसाने अंगाला हात लावून पाहावे, मधुमेह आहे का ते घरच्यांना विचारावे आणि गिळता येत असेल तर साखर द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये.

दुसरे संकट गर्दीचे. वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी जवळजवळ तीनशे भाविक दगावले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. चेंगराचेंगरी झाल्यावर डॉक्टरच्या हातात फार थोडे उरते. पायऱ्या कोरड्या ठेवणारा झाडूवाला त्या दिवशी माझ्यापेक्षा अधिक जीव वाचवतो, आणि त्याची नेमणूक वैद्यकीय आराखड्यातच असावी असे मला वाटते.

पाण्याचेही तसेच. टँकरमधील क्लोरीन दर फेरीला तपासावे. जुलाब-उलट्या लगेच होतीलच असे नाही. दोन-तीन दिवसांनी वर्सोव्याला किंवा अलिबागला, आपापल्या घरी होतात. इथे कागदावर यात्रा निर्विघ्न पार पडते. कार्ल्याच्या आरोग्य केंद्राला ही खबर उलट कळेल, अशी काही सोय व्हायला हवी.

यात्रेला निदान यजमान असतो. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणावर लोटणाऱ्या गर्दीला यजमान कोण? ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, कुंडमळ्याचा जुना पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. नगरपरिषद, पाटबंधारे खाते, वन खाते, रेल्वे, पोलीस, ग्रामपंचायत, ज्याची जिथे हद्द असेल ती असो. जूनपूर्वी तहसील कचेरीत बसून प्रत्येक जागेसाठी एका अधिकाऱ्याचे नाव आणि जखमींना नेण्याचा रस्ता लिहून ठेवावा. त्या रस्त्यावर रविवारी गाड्या उभ्या राहू देऊ नयेत.

यंदा गडावर जाणाऱ्यांनी ऊन चढण्यापूर्वी निघावे. छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांनी आणि मधुमेहींनी उपासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. नाव, आजार, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी वरच्या खिशात असू द्यावी. मोबाइलला कुलूप असते.