पंपावर कमिशन चालेल, औषधावर नको



या पानावर एरवी भात, वाल, भाजीपाला आणि पाऊसपाण्याच्याच नोंदी असतात. आजचा विषय वेगळा वाटेल, पण शेवटी तो आपल्या शेतावरच येतो.

उमरोळी, पालघर, बोईसर या पट्ट्यातली बरीच पोरं हल्ली एकच गोष्ट विचारतात. "काका, एखादी छोटी वेबसाइट काढायची, त्यावर वस्तूंची माहिती लिहायची आणि कोणी ती वस्तू घेतली की आपल्याला कमिशन. शेतीवरच काढू का?" यातली काही कृषी पदविका केलेली आहेत, काही दिवसभर पाळी करून रात्री मोबाइल घेऊन बसणारी आहेत. याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात.

माझं मत आधी सांगतो, कारणं नंतर. साइट जरूर काढा. जोडधंदा म्हणून काढा, मराठीत काढा. अवजारावर कमिशन घ्या. पण औषध, खत आणि बियाणं यांच्यावर एक रुपयाही घेऊ नका.

आता हा धंदा आहे तरी काय ते बघू. नाव नवीन आहे, काम जुनं आहे. ही दलालीच आहे. कंपनी तुम्हाला तुमच्या नावाची खूण असलेला दुवा देते. तो तुम्ही लेखात टाकता. वाचणाऱ्याने त्यावर बोट ठेवून ठरलेल्या वेळात खरेदी केली तर कंपनी तुम्हाला शेकडा काही रक्कम देते. गिऱ्हाइकाला किंमत तेवढीच पडते. त्याने माल परत केला तर तुमचं कमिशनही परत जातं. अमेझॉनने १९९६ साली अमेरिकेत हे सुरू केलं आणि आज आपल्याकडेही चालू आहे.

दलाली म्हटलं की आपल्या कपाळावर आठी पडते, पण दलाली म्हणजे पाप नव्हे. गिऱ्हाईक आणि माल यांची गाठ घालून देणाऱ्याने मेहनताना घ्यावा. प्रश्न एवढाच, की कोण किती घेतो ते समोरच्याला माहीत आहे का? बाजार समितीतल्या अडतीचं भांडण आठवा. वर्षानुवर्षं अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला आणि अडत खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. आपण एवढं भांडू शकलो, कारण अडत पट्टीवर आकड्यात लिहिलेली दिसत होती. वेबसाइटवरची अडत दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी भला माणूस फुकट सल्ला देतोय.

दुसरी गोष्ट हिशोबाची. 'घरबसल्या लाख कमवा' म्हणत फी घेऊन शिकवणारे हा हिशोब मांडत नाहीत, म्हणून मी मांडतो. समजा, बॅटरीवरचा फवारणी पंप ३,००० रुपयांचा आहे आणि कमिशन ४ टक्के आहे. म्हणजे एका पंपामागे १२० रुपये. शंभर जणांनी लेख वाचला आणि त्यातल्या एकाने पंप घेतला असं धरा. महिन्याला ६,००० रुपये हवेत, तर ५० पंप विकले गेले पाहिजेत. म्हणजे महिन्याला ५,००० माणसं त्या लेखावर आली पाहिजेत. आणि पंप काही बारा महिने विकला जात नाही. साइटचं नाव आणि जागा यांचं भाडं मात्र दर वर्षी भरावंच लागतं. तेव्हा पहिलं वर्ष रिकामं जाईल असं धरूनच उतरा. कलम लावल्यावर पहिल्याच वर्षी आंबा मागत नाही ना आपण?

आणखी एक लक्षात ठेवा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण हे कमिशन शेतीचं उत्पन्न नाही. ते तुमच्या पॅनवर दिसतं. सातबारा दाखवून सुटका होणार नाही. वही ठेवा.

तिसरी गोष्ट, ही खंडाने केलेली शेती आहे. जमीन दुसऱ्याची, आपण फक्त कसणारे. एप्रिल २०२० मध्ये अमेझॉनने अमेरिकेत कमिशनचे दर एका झटक्यात उतरवले. फर्निचर आणि घरसामानाचा दर ८ टक्क्यांवरून ३ वर आला, किराण्याचा ५ वरून १ वर. ज्यांचं घर त्यावर चालत होतं त्यांना हातात सात-आठ दिवस मिळाले. पुढे सप्टेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये गूगलने शोधाचे नियम बदलले. ढिगाने लेख पाडणाऱ्या साइट खाली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कष्टाने लिहिणाऱ्या काही छोट्या साइटही गेल्या. ऑगस्ट २०२४ पासून आपल्या देशातही गूगल बऱ्याच प्रश्नांना वरच्या वर यंत्राने तयार केलेलं उत्तर देतं. माणूस ते वाचून निघून जातो, तुमच्या साइटपर्यंत येतच नाही.

मग साइट काढाच असं का म्हणतो? कारण यंत्राला जे लिहिता येत नाही ते आपल्याकडे आहे. मोबाइलवर भाताचे रोग शोधून बघा. भाषांतर करून पाडलेले लेख सापडतात. त्यात करप्याला कोणी 'भाताचा स्फोट' म्हणतो, खोडकिड्याला कोणी 'देठ छिद्रक' म्हणतो. असा लेख वाचून आपल्या शेतकऱ्याने काय समजायचं?

तेच आपल्या पोराने लिहिलं तर कसं होईल बघा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा आहे. त्याने भात जमिनीलगत कापता येतो, म्हणून धसकटात राहणारा खोडकिडा कमी होतो. साध्या विळ्याने एक वाफा कापा, वैभवने एक कापा, दोन्हीचे फोटो टाका. आंब्यासाठी त्याच विद्यापीठाचा नूतन झेला आहे, देठासकट फळ उतरवणारा. तो हातात धरून दाखवा. बॅटरीचा पंप भरून पाठीवर घेतला आणि चिखलातून बांध चढला तर पट्टा खांद्याला किती काचतो, बॅटरी किती टाक्या पुरते, पावसात चार्जिंगची खाच कशी झाकायची हे लिहा. तणनाशकाला वेगळा नोझल लागतो, कीटकनाशकाला वेगळा, आणि तणनाशकाचा पंप दुसऱ्या कामाला वापरू नये, हेही लिहा. ज्या वस्तूवर कमिशन मिळत नाही तिच्यावरही लिहा, कारण वाचणारा त्यानेच ओळखतो की हा नुसता विकायला बसलेला नाही. सांगलीकडच्या संतोष जाधव यांचं 'इंडियन फार्मर' हे यूट्यूब चॅनल लोक बघतात ते शेतात उभं राहून दाखवतात म्हणून. लेखालाही तोच कायदा लागू आहे.

विषय छोटा घ्या. 'शेती' हा विषय नव्हे, तो समुद्र झाला. 'कोकणातल्या भातशेतीची हातअवजारं' हा विषय झाला. 'भाजीपाल्याच्या छोट्या प्लॉटचं ठिबक' हा विषय झाला.

आता मुख्य मुद्दा, औषधाचा.

पंप चुकीचा निघाला तर तीन हजार गेले. औषध चुकीचं निघालं तर पीक जातं, आणि कधी माणूसही जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधात औषध मिसळलेलं, नाकातोंडाला काही बांधलेलं नाही. काय मारायचं आणि कशात मिसळायचं हे त्यांना कोणी ना कोणी सांगितलेलंच असणार. सल्ल्याची किंमत अशी असते.

आणि औषधावरच कमिशनचा मोह सगळ्यात मोठा आहे. पंप माणूस चार-पाच वर्षांतून एकदा घेतो, औषध हंगामात चारदा घेतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने कीटकनाशकं ऑनलाइन विकायला वाट करून दिली. विकणाऱ्याकडे परवाना हवा आणि तो आहे की नाही हे ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीने तपासायचं, असा नियम आहे. पण दुवा टाकून 'हे मारा, दोन दिवसांत फरक बघा' असं लिहिणाऱ्या पोराकडे कोणी परवाना मागत नाही. ज्याचा पगार बाटली खपण्यावर आहे तो 'थांबा, अजून फवारायची गरज नाही, आधी मित्रकीटक मोजा' असं कधी लिहील का? आणि खरा सल्ला तर बऱ्याच वेळा हाच असतो.

यावर कोणी म्हणेल, "काका, दुकानदार पण तेच करतो. ज्यात सुटतं तेच औषध देतो. मग आम्हालाच का नियम?" बरोबर आहे, हे दुखणं जुनंच आहे. पण दुकानदाराच्या भिंतीवर परवाना टांगलेला असतो. त्याच्या बिलावर बॅच नंबर असतो. कृषी खात्याचा माणूस येऊन नमुना घेऊ शकतो. पीक जळलं तर आपण बिल घेऊन त्याच्या दारात उभे राहतो, आणि त्याला त्याच गावात पुढची वीस वर्षं धंदा करायचा असतो. साइटवाल्याचं दार कुठे आहे? म्हणून जुनं दुखणं मोबाइलमध्ये नेऊन दसपट करायचं कारण नाही.

दुसरं कोणी म्हणेल, "ऑनलाइन औषध स्वस्त पडतं, मग सांगितलं तर काय बिघडलं?" घेणाऱ्याने घ्यावं, बिल आणि विकणाऱ्याचा परवाना बघून घ्यावं. माझं म्हणणं सल्ल्याबद्दल आहे. सल्ला देणारा आणि माल विकून कमावणारा हे दोघं निदान विषाच्या बाबतीत तरी वेगळे असले पाहिजेत. खताचं आणि बियाण्याचंही तसंच. भाताचं चुकीचं वाण पेरलं हे कळेपर्यंत हंगाम हातातून गेलेला असतो.

कायदाही आता जागा झालाय. २०२२ च्या जाहिरातीच्या नियमांप्रमाणे, मालाची शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी पैशाचा संबंध असेल तर तो उघड सांगावा लागतो. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची भीती सोडा, आपल्या तालुक्यात तोंड दाखवायचं आहे एवढं पुरे.

तर साइट काढणाऱ्या पोरांनी एवढं पाळावं असं मला वाटतं:

१) लेखाच्या पहिल्याच ओळीत मराठीत लिहा: 'या दुव्यावरून तुम्ही वस्तू घेतली तर मला कमिशन मिळतं.' खाली बारीक अक्षरात नको, इंग्रजीत नको.

२) स्वतः किंवा ओळखीच्या शेतावर वापरलेल्या वस्तूवरच लिहा. किती दिवस वापरली ते सांगा. वाईट काय ते दोन ओळी तरी लिहाच.

३) औषध, खत, बियाणं, संजीवक यांचा दुवा नाही. रोग-किडीवर लिहायचं तर ओळख, फोटो आणि आधीची काळजी लिहा. औषधाचं नाव आणि प्रमाण यासाठी वाचणाऱ्याला सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या शिफारशीकडे पाठवा. डब्यावरचं लेबल वाचायला शिकवा, त्रिकोणाचा रंग कशाचा ते सांगा.

४) लेख कमी लिहा, पण दर हंगामाला दुरुस्त करा.

५) यासाठी नोकरी सोडू नका, जमीन तर अजिबात विकू नका.

आणि एक जास्तीचं. दुसऱ्याचा पंप विकून चार टक्के मिळतात, आपला माल विकून सगळे आपले. आपल्याच पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, वाडा कोलमला आहे, डहाणू-घोलवडच्या चिकूला आहे. शहरातलं गिऱ्हाईक खरा वाडा कोलम कसा ओळखायचा हे शोधत असतं. त्याचं उत्तर आपण लिहिलं, तर उद्या तेच गिऱ्हाईक तांदूळ विचारायला फोन करेल. तिथे कोणाच्या कमिशनच्या दराची वाट बघायला नको.

शेवटी या पानावर असलेल्या कृषी पदवीधर आणि अधिकारी मंडळींना विनंती. विद्यापीठाची कृषी दैनंदिनी उत्तम असते, पण शेतकरी मोबाइलवर 'भाताची पानं पिवळी पडली' असं शोधतो, आणि त्याला दैनंदिनी सापडत नाही. जो सापडतो तो विकणारा. तुम्ही साध्या मराठीत दोन-दोन पानं लिहा, किंवा या पोरांचे लेख तपासून द्या. तुम्ही रिकामी ठेवलेली जागा दुसरं कोणीतरी भरणारच आहे.

कोणी अशी साइट काढली असेल तर खाली सांगा, मी वाचेन. वैभव विळ्यावर कोणी नीट लिहिलं तर या पानावर मी स्वतः देईन. फक्त पहिली ओळ कमिशनची असू द्या.