तिसरी उशी



आमच्याकडे कोणी पाहुणे आले की आईंच्या खोलीत डोकावतात आणि पलंगावरची ती मोठी तिरकी उशी बघून हमखास विचारतात, "हे काय गं? कुठनं आणलंस? खरंच फरक पडतो का?" मी दुकान सांगते, किंमत सांगते, फरक पडतो हेही सांगते. पण सांगताना प्रत्येक वेळी एक गोष्ट गिळते. आज ती लिहूनच टाकते, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी सध्या दुसरीवर तिसरी उशी चढत असेल.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर पातळ गादी आणि एक चपटी उशी एवढंच त्यांचं अंथरूण. सूर्य मावळायच्या आत जेवण, मग सामायिक, थोडा स्वाध्याय आणि साडेनऊला दिवा बंद. मागच्या पावसाळ्यात त्या रात्रीच्या उठून बसायला लागल्या. म्हणायच्या, "छातीत भरल्यासारखं होतंय, आडवं झालं की खोकला येतो." आम्ही सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलं, ॲसिडिटी. औषधाच्या दुकानातून गोळी आणली, थंड दूध सुरू केलं आणि मी त्यांच्या डोक्याखाली दुसरी उशी सरकवली.

आठवडाभर बरं वाटलं. मग तिसरी उशी आली. तिसऱ्या उशीनं मान आखडली, म्हणून पुण्याहून वन्संनी ही तिरकी उशी पाठवली. दुकानदार तिला वेज पिलो म्हणतात. आपल्या भाषेत ही सरळसरळ पाचर. सुताराकडे असते तशीच, एका बाजूला जाड आणि उतरत उतरत दुसऱ्या बाजूला पातळ.

आधी ही उशी काम कशी करते ते सांगते, कारण उशीवर माझा राग नाही. उलट ती फार गुणाची आहे. दोन-तीन उशा एकावर एक ठेवल्या की फक्त डोकं आणि मान वर उचलली जाते. पाठ खालीच राहते, शरीर पोटाशी दुमडतं आणि पोटावर दाब येतो. म्हणजे ज्याला जळजळीचा त्रास आहे त्याला उशांच्या ढिगानं त्रास वाढूही शकतो. तिरक्या उशीवर कमरेच्या वरचं अख्खं अंग एका उतारावर येतं. पोटातलं आम्ल वर चढायला चढण लागते आणि मानही मुडपत नाही. जळजळीसाठी सहा ते आठ इंच उंची पुरते. लांबी मात्र निदान दोन फूट हवी, नाहीतर तीही नुसती मानेची उशी होते. याच्या जोडीला डाव्या कुशीवर झोपलं तर आणखी चांगलं, कारण आपल्या जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं. आणि जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. हे शेवटचं पथ्य आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या पाळलं जातंय, वेगळ्या कारणासाठी का होईना.

आणि इथेच मला शंका यायला हवी होती. सहाला जेवणारी, साडेनऊला झोपणारी, मसाला न खाणारी बाई रात्री एक-दोनच्या सुमाराला दचकून उठते आणि खिडकीशी जाऊन बसते. ही नुसती ॲसिडिटी कशी? असू शकते, नाही असं नाही. पण निदान विचारायला तरी हवं होतं. मी विचारलं नाही. मी उशी वाढवली.

उशी आली तेव्हा आईंनी ती वापरायला साफ नकार दिला. पहिली शंका, आत पक्ष्यांची पिसं तर नाहीत ना? खोळीची चेन उघडून आतला फोम दाखवला तेव्हा समाधान झालं. (ही शंका अगदी रास्त आहे. पिसांच्या उशा बाजारात मिळतात, म्हणून घेताना विचारून घ्या.) दुसरी शंका जास्त खोल होती. म्हणाल्या, "या वयात कसली चैन? माणसानं देहाला सवय लावावी. आचार्य, मुनी पाटावर झोपतात आणि मला फोम लागतो होय?"

मी गप्प बसले. मोठ्या माणसाशी तपावर वाद कोण घालणार! शेवटी आमच्या ह्यांनी समजूत घातली, "वन्संनी एवढ्या मायेनं पाठवलीय, चार दिवस वापरून तर बघ." त्या वापरायला लागल्या. आणि खरंच, त्या रात्री त्या सलग पाच तास झोपल्या. सकाळी मी वन्संना फोन करून सांगितलं, "तुमच्या उशीनं जादू केली हो!"

ही जादूच आम्हाला महागात पडली असती.

पुढे महिनाभर कोणी काही बोललं नाही. आईंना झोप लागत होती, मला झोप लागत होती. मग एका सकाळी त्या मंदिरातून परत आल्या आणि मला म्हणाल्या, "जोडवी काढून दे गं, निघतच नाहीत." पाय बघितले तर घोट्याशी बोट दाबलं की खळगा पडत होता. चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटले होते. जिना चढताना त्या मध्येच थांबून देवाचं नाव घेत. मला वाटायचं भक्ती, पण तो दम होता.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. मी सांगायला सुरुवात केली, ॲसिडिटी, खोकला, गोळ्या. त्यांनी मला थांबवलं आणि आईंना पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, रात्री किती उशा घेता?"

मला हसूच आलं. मग त्यांनी सांगितलं आणि हसू मावळलं. हृदयाची पंप करायची ताकद कमी झाली की दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं पडल्यावर रक्तातून छातीकडे येतं. दुबळ्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसात ओल साठते. म्हणून सपाट झोपलं की गुदमरतं, खोकला येतो आणि उठून बसलं की बरं वाटतं. डॉक्टर मंडळी उशा मोजतात ते यासाठी. एकीच्या दोन झाल्या, दोनच्या तीन झाल्या, तर तो आकडा हृदयाबद्दल काहीतरी सांगत असतो. माझ्या घरात तो आकडा चार महिने वाढत होता आणि मी तो स्वतःच्या हातानं वाढवत होते. आईंचं दुखणं बोलत होतं आणि आम्ही त्याच्या तोंडाखाली मऊ उशी देत होतो.

आपल्याकडे "पाचर मारणं" म्हणजे होणाऱ्या कामात खोडा घालणं. ही पाचर तशीच आमच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये बसली होती. दोष उशीचा नाही. दोष आपल्या त्या सवयीचा, की घरातल्या बाईचा त्रास कमी झाला म्हणजे प्रश्न मिटला. आणि बाईही, "आता बरंय गं," म्हणून मोकळी होते.

वेळेत गेलो म्हणून निभावलं. औषधं सुरू झाली. लघवीची गोळी सकाळीच घ्यायची असल्यानं आईंचा रात्रीचा नियमही मोडला नाही. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगितलंय, कारण दोन-चार दिवसांत वजन भराभर वाढलं तर ते अंगातलं पाणी असतं. मीठ कमी झालं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही म्हणून आम्ही पापडांवर भागवायचो, त्या पापडांत किती मीठ असतं हे तेव्हा ध्यानात आलं. उपवास धरायच्या आधी आता डॉक्टरांना विचारतो. सगळ्यात मोठा आनंद म्हणजे आई पुन्हा पातळ उशीवर येऊ लागल्यात. तिरकी उशी एखाद्या रात्रीच लागते. आणि लागली की मी वहीत लिहिते.

आता त्या तपाच्या गोष्टीबद्दल. तेव्हा गप्प बसले, पण आज माझं मत मांडते. चुकत असेन तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

कायक्लेश हे तप आहे, खरंच आहे. पण ते जाणूनबुजून, समतेनं, ताकद असताना स्वीकारलेलं असतं. श्वास कोंडून रात्री दोनला खिडकीशी बसणं हे तप नाही, तो आजार आहे. आपण दशलक्षण पर्वात सोळा भावना म्हणतो, त्यात "शक्तितस्तप" आहे. शक्तीप्रमाणे तप. शक्ती किती उरलीय हे तपासून बघणं हाही त्याच भावनेचा भाग नाही का? आणि वैयावृत्त्य तर अंतरंग तपात मोजलंय, म्हणजे कायक्लेशाहून आतल्या कोठडीतलं. वैयावृत्त्य म्हटलं की आपल्याला मुनिसंघाची सेवा आठवते, आणि ती आठवायलाच हवी. पण घरातल्या आजारी माणसाची पाठ नीट टेकते ना, त्याला श्वास पुरतो ना, हे बघतानाही तोच भाव मनात ठेवता येतो असं मला वाटतं. मात्र सेवा म्हणजे नुसती उशी देणं नव्हे. "तुम्हाला ही का लागते?" असं शेजारी बसून विचारणं ही सेवेची पहिली पायरी. ती मी चुकवली होती.

हे आईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग मीही चुकले. चैन नको म्हणून त्रास लपवला, तोही एक प्रकारचा मानच." मला यावर काही उत्तर सुचलं नाही.

उशी घ्यायचीच असेल तर माझ्या अनुभवाच्या आणि डॉक्टरांना विचारून घेतलेल्या चार गोष्टी सांगते.

ऑनलाइन महाग वाटली तर गावातल्या फोमवाल्याकडे जा. सात इंच उंची, दोन फूट लांबी, दोन फूट रुंदी सांगितली की तो पाचरीच्या आकारात कापून देतो. फोम घट्ट मागा. मऊ फोम आठ दिवसांत बसतो आणि उतार नाहीसा होतो. खोळ सुती आणि चेनची शिवा, धुवायला बरी पडते. फोमही नको असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सहा इंचांचे मजबूत लाकडी ठोकळे ठेवा. अख्खा पलंगच उतरता होतो, खाली घसरायलाही कमी होतं आणि खर्चही थोडा. ठोकळ्याला पाय बसेल अशी खाच मात्र करून घ्या.

खांद्याचं ऑपरेशन झालेल्यांना सुरुवातीचे आठवडे अर्धवट बसून झोपायला ही उशी फार कामाची. पण गुडघा बदललेला असेल तर आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नका. गुडघा वाकलेला राहतो आणि मग सरळ व्हायला त्रास देतो. आधार टाचेखाली, फिजिओथेरपिस्ट सांगतील तसा. कायम अंथरुणावर असलेल्या माणसाला फार उंच टेकवून ठेवलं तर तो खाली घसरत राहतो आणि माकडहाडाशी जखमा होतात, म्हणून उतार बेताचा ठेवा आणि कूस बदलत राहा. घोरणं उतारानं थोडं कमी होतं, पण झोपेत श्वास थांबत असेल तर उशीवर भागवू नका, तपासणी करा. आणि तान्ह्या बाळाला ही उशी अजिबात नको, दूध उलटतं म्हणून सुद्धा नको. बाळ सपाट, घट्ट अंथरुणावर, पाठीवरच झोपवायचं.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची. उशी आणायच्या आधी तीन प्रश्न विचारा. पूर्वीपेक्षा उशी उंच लागते का? झोपेतून गुदमरून उठता का? पाय सुजतात का, थोडं चाललं तरी दम लागतो का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर आधी डॉक्टर, मग उशी. एकदम दम कोंडला किंवा छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

आज रात्री अंथरुणं घालताना घरातल्या मोठ्यांच्या उशा एकदा मोजा. आई असो, सासूबाई असोत, आत्या असो. आणि मैत्रिणींनो, स्वतःचीही मोजा. आपली कोणी मोजत नाही.

जय जिनेंद्र.