सेवा की उचल?

श्रद्धेचा प्रसार कसा करावा, या विषयावर आपल्या धर्मग्रामांत शिबिरे होतात, परिसंवाद होतात आणि शेवटी ठरावही होतात. त्या ठरावांत बहुधा तीन गोष्टी असतात : प्रार्थनासभा वाढवाव्यात, पुस्तिका वाटाव्यात आणि चांगल्या ध्वनिक्षेपकाची सोय करावी. हे करणाऱ्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. शंका आहे ती त्यामागच्या समजुतीविषयी. ज्या शेजाऱ्याला आपण श्रद्धेची ओळख करून देऊ पाहतो, त्याने आपल्याला अद्याप वाचलेलेच नाही, असे आपण गृहीत धरतो. बीड जिल्ह्यातल्या खेड्यात ख्रिस्ती घरे मोजकीच असतात. त्या घरांत दारू कोण पितो, मुलाच्या लग्नात हुंडा किती ठरला, उसने घेतलेले पैसे वेळेवर परत गेले की नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. आपली पुस्तिका शेजाऱ्याच्या हाती पडते, तेव्हा तिची पडताळणी आमच्या घराशी करून तो केव्हाच मोकळा झालेला असतो.

या भूमीला अशी पडताळणी नवी नाही. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांपासून बीड जिल्ह्याला संतपरंपरेचा वारसा आहे. येथे गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याने मद्यमांस सोडावे, अशी गावाची अपेक्षा असते. तो चुकला तर गाव त्याला माळेची आठवण करून देते. भगवानगडाच्या भगवानबाबांनी (१८९६–१९६५) कष्टकऱ्यांना मुले शिकवण्याचा आणि पशुहत्या सोडण्याचा उपदेश केला. तो ऐकणाऱ्याने तो घरी पाळला की नाही, हेही गावाने पाहिले. माळेला जी कसोटी, तीच क्रुसालाही. क्रूस गळ्यात घातल्यावर त्या कसोटीतून सूट मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय आठवा. प्रभू त्याच्या घरी गेला, तो कोणतीही अट न घालता. लोक कुरकुरले. पुढे जक्कय उभा राहिला, तेव्हा त्याने आपल्या विश्वासाचे प्रवचन दिले नाही. त्याने हिशेब मांडला. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परतफेड. या घराला आज तारण लाभले, असे प्रभूने म्हटले ते हा हिशेब ऐकल्यावर. यरीहोच्या ज्या रहिवाशाला येशू कोण हे ठाऊक नव्हते, त्यालाही परत मिळालेल्या पैशांतून काहीतरी कळले असेल. दैनंदिन जीवनातून श्रद्धेकडे वाट दाखवणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही.

आता हा हिशेब बीडच्या मातीत मांडून पाहू. पावसाने दगा देणाऱ्या या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास काही लाख माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत अंग मोडून काम करावे लागते. एखादा दिवस काम चुकले की खाडा लागतो आणि त्याचा दंड उचलीत मिसळतो. आजारपण असो, पाळी असो की बाळंतपण, वहीला ते दिसत नाही. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. महाराष्ट्रातील तो नीचांक होता. ज्या जिल्ह्यात मुलगी जन्माला येणे कठीण आणि आई होऊन गेलेल्या स्त्रीचे शरीर खाड्याच्या भीतीने कापले जाते, तेथे जीवनाच्या सुवार्तेची साक्ष कोठे द्यायची, हे शोधण्यासाठी शिबिराची गरज नसावी.

हे कोयते जातात कोठे? पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या पट्ट्यात. आपल्या मराठी ख्रिस्तसभेची कितीतरी जुनी धर्मग्रामे याच पट्ट्यात आहेत. प्रवरानगरला १९५० साली उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना या पट्ट्याचे भूषण. आणि हरेगावची मतमाउली आपल्या भक्तीचे. सप्टेंबरात हरेगावला लाखो भाविक लोटतात. त्यांत सर्व धर्मांची माणसे असतात आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. यात्रा आटोपून काही आठवडे होतात न होतात, तोच बीडच्या गाड्या येतात आणि गावाच्या कडेला, पाचटाच्या कोप्यांत माणसे उतरतात. मतमाउलीला नवस बोलायला येणाऱ्या परधर्मीय माउलीचे आपण स्वागत करतो. मग पहाटे तीनला काळोखात कोयता घेऊन निघणाऱ्या माउलीची आपण साधी चौकशी तरी करतो का? बीड औरंगाबाद धर्मप्रांतात आणि हरेगाव नाशिक धर्मप्रांतात, ही सोय कागदावरची आहे. भल्या शोमरोनीने जखमी माणसाचे गाव विचारले नव्हते.

आपल्यातला कोणी बागायतदार असेल, कोणी कारखान्यात नोकरीला, कोणी चिटबॉय, कोणी किराणा दुकानदार, कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका. प्रत्येकाची साक्ष त्याच्या कामातच ठेवलेली आहे. बागायतदाराने विहिरीचे पाणी नाकारू नये आणि बायाबापड्यांसाठी आडोशाची सोय करावी. चिटबॉयने वजनाची नोंद चोख ठेवावी आणि मागेल त्याला वाचून दाखवावी. दुकानदाराने अडलेल्याकडून दुप्पट भाव घेऊ नये. परिचारिकेने पोट दुखते म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एका डॉक्टरांचे मत घ्यायला सांगावे. शिक्षिकेने कोपीतल्या पोरांना वर्गात बसवून घ्यावे. मुकादमी करणारा ख्रिस्ती माणूस असेल, तर त्याने उचलीची वही मजुराला समजेल अशा भाषेत लिहावी आणि बाळंतिणीचा खाडा लावू नये. ज्या ख्रिस्ती कुटुंबाच्याच हाती कोयता आहे, त्याने एकाची उचल घेऊन दुसऱ्याच्या टोळीत जाऊ नये. आणि अन्यायाविरुद्ध टोळीने तोंड उघडले, तर मागे राहू नये.

'पण मजुराने हा दर स्वतःच मान्य केला आहे,' असे आपल्यातही म्हटले जाते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम'मध्ये हाच युक्तिवाद खोडून काढला आहे : गरजेपोटी मान्य केलेली मजुरी केवळ मान्य केली म्हणून न्याय्य ठरत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर नेण्याचे ठरले, तेही संपानंतर आणि दीर्घ वाटाघाटींनंतर. कापणाऱ्यांची रोखलेली मजुरी देवाच्या कानी ओरडत जाते, हे संत याकोबाने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. ते पत्र आपल्या मिस्सामध्ये वाचले जाते. ऐकणाऱ्याने त्यानंतर आपली वही उघडली पाहिजे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला आपल्याच उत्साही बांधवांचा : 'नुसत्या चांगल्या वागण्याने कोणी प्रभूला ओळखत नाही. संत पौल सांगतो की विश्वास ऐकण्याने उत्पन्न होतो. मग शब्द नको का?' शब्द हवाच. पण संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर सौम्यतेने उत्तर द्यायला तयार असा. विचारले तर! कोणी विचारत नसेल, तर आपल्या जगण्यात विचारण्यासारखे काही दिसत नाही, हे उघड आहे. पोप सहावे पॉल यांनीही डिसेंबर १९७५ मधील 'इव्हांजेली नुंतियांदी' या पत्रात आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, हे बजावले आणि शब्दाची आवश्यकताही सांगितली. क्रम मात्र त्यांनी साक्षीपासूनच सुरू केला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण आपल्या परंपरेत सर्वश्रुत आहे. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना सौजन्याने जागा करून दिली, संस्कृत काव्याविषयी आदराने चर्चा केली आणि निरोप घेताना नवा करार हाती ठेवला. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा माणूस, तोही आगगाडीत, एका हिंदी माणसासाठी सरकून बसतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुस्तक त्याने दिले, पण आधी जागा दिली.

दुसरा आक्षेप बाहेरचा आहे आणि अधिक बोचरा : 'तुमची सेवा म्हणजे आमिष.' दुष्काळात धान्य देऊन माणसे बाटवली, हा आरोप आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्यावर आपण संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाकडे बोट दाखवतो, आणि ते योग्यच आहे. धर्म आचरण्याचा व त्याचा प्रचार करण्याचा अधिकार तेथे आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला, हेही आपल्याला ठाऊक आहे. परंतु या आरोपाला न्यायालयाबाहेरचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे. परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले पाणी ही उचल होय. शाळेत प्रवेश दिला, औषध दिले, आणि मनाच्या वहीत त्याच्यासमोर 'येणे बाकी' असे लिहून ठेवले, तर आपल्यात आणि मुकादमात फरक काय उरला? तो घामाने वसूल करतो, आपण आत्म्याने वसूल करू पाहतो. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परतला एकच. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने परत घेतले नाही.

म्हणून साक्षीची पहिली अट ही की तिच्यावर व्याज नसावे. ज्याला श्रद्धेची वाट दिसेल त्याला ती देव दाखवील. दिवा पाजळत ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे. आणि दिवा ठेवायचा तर आधी घरातच. आपल्यांतील सोयरीक ठरताना अजूनही पूर्वाश्रमीची जात विचारली जाते. गर्भपाताविरुद्ध आपण ठराव करतो, आणि मुलगी झाली की घरात पेढ्याऐवजी उसासा वाटला जातो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला नाताळात साडी देतो, पण आजारी पडली तर पगार कापतो, तोही खाडाच. हे शेजारी पाहतो आहे.

ऊसतोडीचा हंगाम आगमनकाळाच्या तोंडावर सुरू होतो आणि ईस्टरच्या आसपास संपतो. म्हणजे प्रभूच्या जन्माची वाट पाहण्यापासून त्याच्या पुनरुत्थानापर्यंतचा आपल्या उपासनेचा सारा काळ बीडची ही माणसे आपल्या वेशीवर काढतात. यंदा धर्मग्राम परिषदांनी पुस्तिकांच्या ठरावाआधी एक ठराव करावा : आपल्या हद्दीत किती कोप्या पडल्या आहेत, त्यांत किती लहान मुले व किती गरोदर स्त्रिया आहेत, पाणी कोठून येते, याची पहिल्याच आठवड्यात नोंद करावी आणि त्याप्रमाणे कामे वाटून घ्यावीत. त्या नोंदवहीत धर्माचा रकाना नसावा.