जुनी गाडी, नवा मालक

परिचितांचा मुलगा परवा घरी आला. वय २३, मौद्यातच नोकरी. आईला महिन्यातून दोनदा नागपूरच्या दवाखान्यात न्यावे लागते. अंतर सुमारे ३५ किलोमीटर, रस्ता मालमोटारींनी गजबजलेला महामार्ग, आणि गुडघेदुखीमुळे तिला दुचाकीवर बसवत नाही. म्हणून चारचाकी हवी. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. त्याने भ्रमणध्वनीवर छायाचित्र दाखविले. पांढरीशुभ्र गाडी, चकचकीत चाके. "काका, एक नंबर गाडी आहे जी. मालक म्हणतो, पेट्रोल टाका अन् चालवा."

"कागद पाहिलेस?"

"त्यानं टीटी फॉर्मवर सही करून ठेवली आहे. नाव सावकाश लावू."

त्याच्या त्या 'सावकाश'नेच मी सावध झालो. आपल्याकडे शब्दावर व्यवहार करण्याची रीत आहे आणि तिचा मला अभिमानही आहे. परंतु गाडी म्हणजे शेजाऱ्याला उसना दिलेला विळा नव्हे. किल्ली ज्याच्या हाती तो मालक, असे आपण मानतो. कायदा मात्र नोंदणीत ज्याचे नाव त्यालाच मालक मानतो. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. तेथे गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ साली त्या गाडीखाली एक मुलगा दगावला आणि भरपाईचे दायित्व, गाडी केव्हाच विकून मोकळ्या झालेल्या त्या पहिल्या मालकावर आले.

यावर कोणी म्हणेल, मग काळजी विकणाऱ्याने करावी, घेणाऱ्याचे काय जाते? पुष्कळ जाते. विमा जुन्याच नावावर राहिला आणि गाडीचे नुकसान झाले, तर कंपनी नव्या मालकाला दारातून परत पाठवू शकते. मूळ मालक परगावी गेला किंवा निवर्तला, तर सहीचा कागद हाती असूनही हेलपाटे चुकत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. नमुना २९ आणि नमुना ३० हे त्याचे अर्ज. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा. दावा न केल्याबद्दलची हप्त्यातील सवलत मात्र जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही. तेव्हा हप्ता वाढेल हे धरूनच भाव करावा.

कागदाचा चटका मी स्वतः सोसलेला आहे. १९९९ साली मी एक जुनी मारुती ८०० घेतली. विकणारे गृहस्थ सज्जन होते, कर्जही फेडून झाले होते. फक्त नोंदणीपुस्तकावरचा बोजा त्यांनी उतरविला नव्हता. पतसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळवायला मला आठ महिने लागले. त्या काळात चौकशी करायला परिवहन कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहावे लागे. आज शासनाच्या 'वाहन' प्रणालीवर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विमा, बोजा हे सारे घरबसल्या दिसते. थकलेले दंडही तपासता येतात. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणाला तपासणी आणि पर्यावरण कर लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते ती बहुधा याचमुळे.

यंत्राविषयी माझे ज्ञान कला शाखेच्या पदवीधराचे. पण एका वृद्ध मिस्त्रींनी शिकविलेली एक गोष्ट मी विसरलेलो नाही: गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असतानाच ते सुरू करायला लावावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर शीतकाचे पाणी आत शिरत असण्याचा संभव. तेलाच्या टोपीखाली दुधाळ साय दिसली तर चहा पिऊन परत यावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात वातानुकूलन तपासायचे ते भर दुपारी, पहाटे नव्हे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी रबर वयाने कडक होते.

मीटरवरच्या किलोमीटरवर भिस्त ठेवू नये. ४० हजार दाखविणाऱ्या गाडीच्या पायदळाचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर त्या रबराचे ऐकावे. पूर्वी भाड्याने धावलेली गाडी पुढे खासगी म्हणून नोंदविली जाते; तो इतिहासही कागदात शोधावा.

आणि पाणी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच-कन्हानच्या पुराने मौदा तालुक्यातील गावांना वेढले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपुरातील वस्त्यांत उभ्या गाड्या बुडाल्या. धुऊन-पुसून अशी गाडी नव्यासारखी दिसते, तिच्या तारांमधला गंज मात्र महिन्यांनी बोलतो. म्हणून आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, पायाखालचा गालिचा उचलावा, आसनांच्या पट्ट्यांखाली बोट फिरवावे. बोटाला बारीक गाळ लागला, तर आणखी काही पाहण्याची गरज नाही.

कोणती गाडी घ्यावी, याचे उत्तर गावातल्या मिस्त्रीकडे आहे. जिचे सुटे भाग मौद्यात किंवा भंडाऱ्यात दुपारपर्यंत मिळतात, ती. मोठ्या नावाची गाडी लहान गाडीच्या भावात मिळाली तरी तिची दुरुस्ती मोठ्या गाडीच्याच भावात होते. तपासायला मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे. त्याला पाचशे रुपये देताना हात आखडू नये. आणि सारी शिल्लक व्यवहारात ओतू नये. पहिल्या तीन महिन्यांत जुनी गाडी काही ना काही मागतेच.

त्या पांढऱ्याशुभ्र गाडीची नोंद, चौकशीअंती, विकणाऱ्याच्या नावावर निघालीच नाही. त्याने ती जिच्याकडून घेतली तिच्याही नावावर नव्हती. मुलाने बयाणा दिला नव्हता, हे नशीब. दोन आठवड्यांनी त्याला भंडाऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांची दहा वर्षांची लहान गाडी मिळाली. मागच्या दारावर ओरखडा, रंग थोडा उडालेला. पण दुरुस्तीची प्रत्येक पावती क्रमाने फाईलला लावलेली. भाव ठरल्यावर गुरुजींनी पैसे मोजण्याआधी चष्मा लावला आणि विचारले, "नाव लावायला कधी जायचं? मी सोबत येतो."