लिनक्स फुकट आहे, पण अडलं तर विचारायचं कोणाला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, त्यामुळे बातमी आली आणि गेली. लिनक्सवाल्यांच्या गप्पांत मात्र तेव्हापासून एकच प्रश्न फिरतोय. "जुना लॅपटॉप आहे, विंडोज ११ घेत नाही. मिंट टाकू का?" उत्तरं पाच मिनिटांत येतात. कुणी मिंट म्हणतं, कुणी उबुंटू, कुणी झोरिन. मग उत्तर देणारेच आपापसात भिडतात आणि विचारणारा बिचारा बाजूला राहतो.

भांडा खुशाल. मला बोलायचंय ते आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल.

या शाळांत कॉम्प्युटर कसे येतात ते आपल्याला माहीत आहे. कुठे लोकवर्गणीतून, कुठे माजी विद्यार्थ्यांनी दिलेले, तर कुठे एखाद्या कंपनीने स्वतःकडचे जुने काढून सीएसआरमध्ये दिलेले. विंडोज ११ ला मदरबोर्डवर टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. ही आठवी पिढी आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीची मशीन चांगली चालत असली तरी नियमाप्रमाणे बाद. आता शाळेपुढे दोन रस्ते उरतात. सुरक्षेचे अपडेट नसताना तसंच वापरत राहायचं, किंवा मशीन भंगारात द्यायचं.

तिसरा रस्ता लिनक्सचा. चार जीबी रॅम असलेल्या जुन्या मशीनवर मिंट व्यवस्थित चालतं. लायसन्सचा खर्च शून्य.

पण मित्रांनो, इथेच आपण लिनक्सवाले एक गोष्ट विसरतो. "फुकट आहे" हा मुद्दा आपल्याकडे चालतच नाही. खरं सांगायचं तर विंडोजही कित्येक ठिकाणी विकत घेतलेलं नसतं. दुकानदार म्हणतो, "टाकून देतो की!" आणि टाकून देतो. बिघडलं तर त्याच दुकानदाराला फोन जातो, तो संध्याकाळी येतो आणि पुन्हा टाकून देतो. गुरुजींच्या दृष्टीने दोन्ही फुकटच. फरक एवढाच की विंडोज अडलं तर विचारायला गावात माणूस आहे. लिनक्स अडलं तर कुणी नाही.

हा माणूस उभा करता येतो का? येतो. केरळने केलाय.

२००१ साली केरळने आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला तिथेही विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच होतं. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी त्यावर आवाज उठवला. सरकारी शाळेच्या पुस्तकातून एकाच कंपनीचं उत्पादन का शिकवायचं, असा त्यांचा सवाल होता. पुढच्या काही वर्षांत शाळा टप्प्याटप्प्याने लिनक्सवर आल्या. दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षासुद्धा लिनक्सवर होते. प्रकल्पाची २०१७ मध्ये 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. ती उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती काढते, त्यात मल्याळम टायपिंग आणि शाळेला लागणारी सॉफ्टवेअर आधीच घातलेली असतात. दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांचा हा कारभार आहे.

बातम्यांत याचं कौतुक होतं ते वाचलेल्या पैशांसाठी. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. तिथे आधी शिक्षक तयार केले आणि शिक्षकांमधूनच प्रशिक्षक निवडले. २०१८ पासून हायस्कूलमध्ये 'लिटल काइट्स' नावाचे मुलांचे गट आहेत, तेही शाळेचं आयटीचं काम सांभाळायला मदत करतात. म्हणजे अडलं तर विचारायला शेजारच्या वर्गात कुणीतरी आहे.

आता योगायोग बघा. त्याच २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झाली. यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण अनेकांना ते मायक्रोसॉफ्टच वाटतं, आणि त्यात त्यांची फार चूकही नाही. या कोर्सने गावोगावच्या लोकांना माऊस हातात धरायला शिकवलं, हे मोठं काम आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण त्याच काळात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड, हे समीकरणही पक्कं झालं.

आणि हे कुठे झालं? सी-डॅकचं मुख्यालय ज्या राज्यात आहे तिथे. सी-डॅकनेच बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं. लिनक्समध्ये मराठी आणण्याचं बरंचसं काम पुण्यात बसलेल्या माणसांनी केलं. आज इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आयता असतो, लिबर ऑफिसचे मेनू मराठीत दिसतात, युनिकोड फॉन्ट सोबत येतात. सामान सगळं घरात आहे, फक्त चूल पेटलेली नाही.

अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे अजून श्री-लिपी आणि पेजमेकर आहे. जुन्या फॉन्टमधली फाइल लिनक्सवर उघडली की अक्षरांची खिचडी दिसते. ठशाचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, स्वस्तातला प्रिंटर यांचे ड्रायव्हर कित्येकदा फक्त विंडोजचे असतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मुख्याध्यापकांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आत्ता हात लावू नका. पगारबिलं अडली तर लिनक्सचं नाव शाळेत कुणी काढू देणार नाही. सुरुवात मुलांच्या संगणक कक्षापासून करा. तिथे टायपिंग, चित्रं, तक्ते, स्क्रॅच, जिओजेब्रा एवढंच लागतं, आणि ते सगळं चालतं.

"मुलांना पुढे नोकरीत विंडोजच लागेल ना?" हा प्रश्न नेहमी येतो. आज पाचवीत असलेलं पोर नोकरीला लागेपर्यंत दहा-बारा वर्षं जातील. एक्सपीवर शिकलेल्यांना विंडोज ११ नव्याने शोधावं लागलंच की. आणि त्याच पोराच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. बटणं बदलत राहतात, समज टिकते. शाळेने समज द्यावी.

दुसरा आक्षेप म्युनिकचा. त्या शहराने सुमारे १५ हजार सरकारी संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. खरं आहे. पण ते महापालिकेच्या ऑफिसांचं प्रकरण होतं, आणि ऑफिसांपासून सुरुवात करू नका असंच मी वर म्हटलंय.

मग करायचं काय? नवा कायदा नको. केंद्र सरकारचं ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण २०१५ पासून आहेच. राज्याने तीन गोष्टी कराव्यात. एक, मराठी टायपिंग आणि शालेय सॉफ्टवेअर घातलेली एकच आवृत्ती ठरवून द्यावी, निवडीचा घोळ शाळेवर टाकू नये. दोन, प्रत्येक केंद्रात निदान एक शिक्षक नीट तयार करावा आणि या कामासाठी त्याला वेळ द्यावा, नाहीतर जनगणना आणि निवडणुकीसारखं हे आणखी एक ओझं होईल. तीन, पुढची खरेदी करताना प्रिंटर, स्कॅनर लिनक्सवर चालतो का, ही अट टेंडरमध्ये घालावी.

आणि आपण लिनक्सवाल्यांनी? आपल्यापैकी अनेकजण सुट्टीत गावी जातात. शाळेत जा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, दोन मशीनवर लिनक्स टाकून द्या. सगळ्या नको, दोनच. बाईंनी किंवा सरांनी काही विचारलं तर "टर्मिनल उघडा" म्हणू नका, "आधी मॅन्युअल वाचा" तर अजिबात नको. कुठलं बटण दाबायचं ते सांगा. निघताना स्वतःचा फोन नंबर फळ्याशेजारी चिकटवा आणि फोन आला की उचला.

कुणी असं आधीच करत असेल तर शाळेचं नाव न घेता अनुभव कमेंटमध्ये लिहा. काय चाललं त्यापेक्षा काय अडलं ते लिहा, पुढच्याला त्याचाच उपयोग होईल.